जागा धरणारे सर

इतवारीच्या भांडे बाजारात आमचं दुकान आहे आणि दुकानाच्या वर एक लांबट खोली आहे. त्या खोलीत आमचे सर इंग्रजी शिकवायचे. ते न आलेल्या मुलांची जागा धरून ठेवत. रुमाल टाकून. एसटीच्या खिडकीतून आपण टाकतो ना, तसा.

कोणी आजारी पडलं, कोणाच्या बापाची बदली झाली, कोणाला घरच्यांनी बंद केलं, की दुसऱ्या दिवशी त्याच्या जागेवर सतरंजीवर घडी घातलेला रुमाल. मग तिथं कोणी बसायचं नाही. आम्ही एकमेकांच्या मांडीला मांडी लावून, वह्या गुडघ्यांवर धरून बसायचो, आणि मध्ये मध्ये रुमाल ऐसपैस बसलेले असायचे. रविवारी सर सगळे रुमाल स्वतः धुऊन खिडकीतल्या दोरीवर वाळत घालायचे. कोणता कोणाचा, हे त्यांना बरोबर कळायचं. आम्हाला कधीच कळलं नाही.

पहिल्याच आठवड्यात मी विचारलं होतं, "सर, हे काहून?"

"जागा येनाऱ्यासाठी धरा लागते वं," सर म्हणाले. "आलेल्याचं काय, तो कुठीबी बसते."

सरांचं इंग्रजी साहेबी होतं आणि मराठी पारशिवनीचं. पारशिवनीजवळच्या एका गावात त्यांचं घर, चार बांध्या धानाची शेती. तिथून ते रोज नागपूरला अप-डाऊन करायचे. सकाळी शाळेत नोकरी, दुपारून आमच्या माडीवर क्लास. लग्न केलं नव्हतं. कोणी फार खोदून विचारलं तर म्हणत, "एसटीत उभ्यानं गेली बाप्पा जिंदगी. बसाले टाइम कुठी भेटला?" बाबा त्यांना भाडं वाढवून मागायचं ठरवून जिना चढत आणि व्याकरण ऐकून खाली येत.

आता त्यांच्या व्याकरणाविषयी. जगातले सगळे मास्तर काळापासून सुरुवात करतात. वर्तमान, भूत, भविष्य. सर जेरंडपासून करायचे. क्रियापदाला आयएनजी लावून त्याचं नाम करायचं, तो जेरंड. इतर पुस्तकांत हा बिचारा शेवटी कुठेतरी असतो, परीक्षेला दोन मार्कांना. आमच्याकडे तो पहिल्या दिवशी यायचा आणि नंतर दर सोमवारी यायचा, वर्षभर. त्यामुळे सरांचे विद्यार्थी जेरंडमध्ये कोणाला ऐकायचे नाहीत आणि पॅसिव्ह व्हॉइस आम्हा सगळ्यांना सावत्र होता. पालक कुरकुरायचे. सर मान हलवून ऐकून घ्यायचे आणि सोमवारी पुन्हा तेच.

शिकवायची रीतही वेगळीच होती. "उठल्यापासून घरी काय काय झालं, सांगा," असं विचारायचे. मुलं सांगायची, आईनं सडा टाकला, पाणी भरलं, गंज-पातेली घासली. सर फळ्यावर लिहायचे: टाकणं, भरणं, घासणं. मग खडू मुठीत धरून आमच्याकडे वळायचे. "आता मले सांगा, घासन्यावरून घरी भांडन होते का नाई? 'घासनं माह्याकडंच काहून' म्हनून?"

"होते," सगळ्या मुली एका आवाजात.

"ज्याच्यावरून भांडता येते ते नाम समजाचं. जेरंड काही इंग्रजाइनं आनला नाई. तुमच्या मायच्या तोंडात तो पहिलेपासून होता. त्याइनं खाली आयएनजी लावलं, बस."

एवढ्यात खाली दुकानात भांड्यावर नाव घालायचं यंत्र घर्र करायला लागायचं. लग्नसराईत तर ते थांबायचंच नाही. सर थांबायचे, नाव घालून होईपर्यंत डोळे मिटून उभे राहायचे आणि मग जिथं सोडलं त्याच अक्षरापासून पुढे. अर्धा शब्द आधी, अर्धा नंतर. सोडलेलं तिथूनच उचलायचं, हा त्यांचा हट्ट होता.

रस्त्यावरच्या पाट्यांचं तर त्यांना वेडच. आमच्या दुकानासमोर नो पार्किंगची पाटी होती. तिच्याखाली हातगाड्या, टेम्पो, स्कूटर, सगळी इतवारी उभी असायची. एकदा सरांनी अख्खा क्लास खाली आणून त्या पाटीसमोर उभा केला. "पाहा, सरकारबी जेरंड लिहिते. अन् कोनी मानत नाई, कारन कोनाले समजत नाई." आम्ही सगळे तिथं उभे राहिल्यामुळे टेम्पोवाल्यांचा रस्ता अडला आणि शेवटी बाबांना येऊन आम्हाला वर पाठवावं लागलं.

एक वाक्य मात्र त्यांनी फळ्यावर कधी लिहू दिलं नाही. तुम्ही कोणतंही व्याकरणाचं पुस्तक उघडा, जेरंडच्या धड्यात पहिलं वाक्य पोहण्याचं असतं. स्विमिंग इज अ गुड एक्सरसाइज. ते वाचलं की सरांचं डोकंच फिरायचं. "इतवारीत कोन पोहून राहिलं? पुस्तकवाल्यानं पाहिलं का? माह्या गावात तलाव हाय, तिथं म्हशी पोहते. त्याइले इंग्रजी शिकाचं नाई." कोणी चुकून ते वाक्य म्हटलं तर त्याला म्हणत, "उसनं नको आनू. सोताच्या घरचं सांग."

त्यांचं स्वतःचं आवडतं वाक्य दुसरं होतं. इंग्रजी पत्राच्या शेवटी घालतात ते, आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू सीइंग यू. आम्ही सगळे तिथं 'टू सी' लिहायचो. सर म्हणायचे, "नाई. सीइंग. तुले पाहनं ही एक वस्तू हाय. ती पुढं ठेवली हाय अन् आपन तिच्याकडं तोंड करून बसलो हाओत." एवढं बोलून ते जरा वेळ खिडकीबाहेर पाहत.

सगळ्यात पुढची, खिडकीजवळची, फळ्याच्या बरोबर समोरची जागा मी क्लासला जायला लागले तेव्हापासून रुमालाची होती. बाकीचे रुमाल बाजारातले, निळ्या काठाचे. हा हातानं शिवलेला होता, जुना, आटवलेल्या दुधाच्या रंगाचा झालेला. एका कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याचं पान होतं. ती जागा कोणाची, हे सरांनी कधी लपवलं नाही. विचारलं की सांगायचे.

ती त्यांच्या धाकट्या बहिणीची जागा होती. सर नागपूरला कॉलेजात शिकत होते तेव्हा ती मॅट्रिकला इंग्रजीत नापास झाली. ऑक्टोबरला पुन्हा बसायचं ठरलं. सर दर शनिवारी गावी जाऊन तिला शिकवायचे. तिनंच तो रुमाल शिवून दिला होता, एसटीत जागा धरायला. एका शनिवारी ओसरीवर बसून सरांनी तिला जेरंड सांगितला आणि विचारलं, "आता तुले आवडते त्या कामाचं नाव सांग." तेवढ्यात दारात बैलगाडी उभी राहिली. तिला पाहायला पाहुणे आले होते. ती आत पळाली, लग्न ठरलं, ऑक्टोबरची परीक्षा तशीच गेली.

"उत्तर राह्यलं," सर सांगायचे. "सासरी जाताना म्हने, दादा, माही जागा धरून ठेव. मी येईन अन् सांगन."

तेव्हा मला समजलं, सर जेरंडपासून का सुरू करतात ते. ती आलीच, तर मागे पडायला नको.

तुम्ही विचाराल, गाव जवळ, बहीण जवळ, मग सरांनी घरी जाऊनच का नाही विचारलं. आम्हीही विचारलं होतं. दर भाऊबीजेला सर तिच्याकडे जायचेच. पण ती म्हणायची, इथं नाही. इथं सांगितलं तर चुलीपाशी सांगितल्यासारखं होईल. तिथं येईन, बसून सांगेन. सरांनीही मग कधी जोर केला नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी आमचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "सर, काय म्हनल्या बाई?"

"म्हने, धान कापलं का येईन." दुसऱ्या वर्षी, सासू बिमार आहे, तिचं झालं की येईन. मग पोरगी बाळंतपणाला आली आहे, ती गेली की. मग रोवणा, म्हणजे धानाची लावणी. रोवणा झाला की निंदण. सर हे सगळं हसत सांगायचे आणि सांगून झाल्यावर वाकून तो रुमाल सरळ करायचे. आम्हाला हसू यायचं आणि कसंतरीही व्हायचं.

एकदा कापडबाजारातले एक मोठे व्यापारी मुलाला घेऊन आले. खोली गच्च भरलेली. त्यांनी पुढची मोकळी जागा पाहिली, वाकून तो रुमाल उचलला आणि मुलाला म्हणाले, "बैठ जा."

"भाऊ, तिथं मानूस हाय," सर म्हणाले.

"कहाँ है?"

"येऊन राह्यलं."

व्यापारी हसले. "मास्टर, रूमाल को इंग्लिश सिखा रहे हो क्या?"

सर शांतपणे त्यांच्या हातातून रुमाल घेऊन म्हणाले, "हो. अन् तो कोनालेबी परेशान करत नाई." तो मुलगा बिचारा जिन्यात बसून शिकला वर्षभर, पण शिकला.

मग माझी पाळी आली. मी बारावीत होते आणि बाबा माळ्यावरून भांडी काढताना शिडीवरून पडले. कमरेचं हाड मोडलं. दुकान बंद ठेवणं शक्य नव्हतं आणि घरात ते सांभाळणारं दुसरं कोणी नव्हतं. मी गल्ल्यावर बसले. वरून सरांचा आवाज यायचा आणि मी खाली गुंड-घागरींचे भाव सांगायचे. फार वाईट दिवस होते ते. कॉलेज सुटलं, मैत्रिणी पुढे गेल्या, आईनं स्थळांच्या गोष्टी सुरू केल्या. मला शिकायचं होतं आणि ते मी कोणाला सांगत नव्हते. सर रोज जिना उतरून दुकानासमोरून जायचे. कसं चाललंय, बाबा कसे आहेत, यातलं काही नाही. जाता जाता फक्त म्हणायचे, "जागा हाय." आणि बसस्टँडच्या दिशेनं चालू लागायचे.

बाबा उभे राहायला वर्ष उलटलं. ज्या दिवशी ते पहिल्यांदा गल्ल्यावर बसले त्या दिवशी मी वही घेऊन जिना चढले. माझ्या जागेवर निळ्या काठाचा रुमाल होता, धुतलेला, इस्त्री केलेला. आजूबाजूला नवी, अनोळखी मुलं दाटीवाटीनं बसलेली. सरांनी वळून पाहिलं, रुमाल उचलून खिशात ठेवला आणि म्हणाले, "बस. इनफिनिटिव्ह राह्यला होता तुहा." मी बसले आणि रडले. सरांनी शिकवणं थांबवलं नाही, म्हणून मला नीट रडता आलं. आज मी जी काही आहे ती त्या एका जागेमुळे आहे.

पुढे मी इंग्रजीत एमए झाले. लग्न नागपुरातच झालं आणि मी परत त्याच माडीवर आले, शिकवायला. सर तोवर शाळेतून निवृत्त झाले होते. सतरंजी जाऊन बाक आले. काळ, पॅसिव्ह व्हॉइस ही सावत्र मुलं मी सांभाळायची आणि सोमवार सरांचा. पुढच्या बाकावर, खिडकीजवळ, हिरव्या पानाचा रुमाल तसाच. मुलांच्या हातात मोबाइल आले, तरी नव्या बॅचचा पहिला प्रश्न तोच असायचा आणि सरांचं उत्तरही तेच असायचं.

एका सोमवारी सर आले नाहीत. त्यांनी आयुष्यात क्लास बुडवला नव्हता. संध्याकाळी गावाहून फोन आला. क्लासला निघायच्या आधी जेवून ओसरीवर बसले होते, तिथंच गेले.

तेरवीला मी गेले. सरांच्या बहीणबाई तिथं होत्या, वाढत होत्या. मी ओळखलं, कारण चेहरा सरांचाच होता. गर्दीत काय बोलणार? भाताचं ताट घेऊन त्या माझ्यासमोर आल्या तेव्हा मी म्हटलं, "सरांच्या क्लासमधून आली. जागा हाय, बाई." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणखी भात वाढला आणि पुढच्या पानाकडे गेल्या.

मला सरांची फार आठवण येते, हे सरळच लिहून टाकते. त्यांची लाकडी खुर्ची मी ठेवली आहे, तिच्यावर बसत नाही. यंत्राची घरघर सुरू झाली की मी अजून अर्ध्या शब्दावर थांबते. रविवारी तो रुमाल धुते. दर सोमवारी जेरंड घेते. पालक आता व्हॉट्सॲपवर कुरकुरतात.

परवाच्या पौषातला सोमवार. मुलं घरची कामं सांगत होती आणि जिन्यावर पावलं वाजली. सावकाश. एका पायरीवर दोन्ही पाय टेकून मग पुढची पायरी. दारात एक वाळकी म्हातारी बाई उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. कोणाची तरी आजी न्यायला आली असेल म्हणून मुलं एकमेकांकडे पाहायला लागली.

"भांडेवाल्याच्या वरचं हेच नं वं?" तिनं विचारलं.

"हेच," मी म्हटलं.

"मंग माही जागा कोनती?"

चेहरा मी दारातच ओळखला होता. मी पुढच्या बाकाकडे हात केला. ती बाकांच्या मधून पुढे आली. रुमाल उचलला, कोपऱ्यातल्या पानावरून अंगठा फिरवला. "उसवलं नाई अजून," म्हणाली, आणि रुमाल मांडीवर ठेवून बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते. शेजारच्या मुलीनं आपली बॅग तिच्या पायांखाली सरकवली.

"धान झालं," बाई मला म्हणाल्या, उशीर झालेल्या मुलीनं सांगावं तशा. "पोरगं, सून पाहते आता सगळं. थोडे नवे तांदूळ आनले. तू घे. अन् दादानं सोडलं तिथून सुरू कर. मले आठोते कुठवर आलं होतं ते."

पूर्ण क्लास पुढे सरकून बसला. मुलांना सगळी गोष्ट माहीत होती. मी खडू घेतला आणि सरांचाच प्रश्न विचारला. "तुम्हाले आवडते त्या कामाचं नाव सांगा."

मला वाटलं होतं, रोवणं म्हणतील. निंदणं, कापणं. सरांनाही आयुष्यभर असंच काहीसं वाटत असणार. बाईंनी खिडकीकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम एक लबाड पोरगी आली.

"पोहनं," त्या म्हणाल्या.

माझी नजर फळ्याकडे गेली.

"गावच्या तलावात. दुपारी मानसं वावरात गेली का आम्ही पोट्ट्या उतरत होतो. मी त्या काठापर्यंत जाऊन वापस येत होती. म्हशीच्याबी पुढं. घरी कोनाले मालूम नोतं, दादालेबी नाई. मालूम झालं असतं तं मायनं टांग मोडली असती. त्या दिवशी त्याले सांगनार होती, अन् गाडी आली." त्यांनी पदर सावरला. "लग्न झाल्यावर पान्यात गेली ते रोवन्यालेच."

ज्या फळ्यावर सरांनी ते वाक्य कधी येऊ दिलं नाही, त्या फळ्यावर मी लिहिलं, स्विमिंग. मुलांनी शब्द म्हटला, त्यांच्यामागे बाईंनी म्हटला. मग मी पूर्ण वाक्य करायला घेतलं. आय लाइक, एवढं लिहून मी थांबले आणि विचारलं, "भूतकाळ लावू का, बाई? आवडत होतं, असं?"

"काहून?" बाई म्हणाल्या. "आजबी आवडते."

क्लास सुटला. मुलं बाईंच्या पाया पडून खाली गेली. मला त्यांना खूप काही सांगायचं होतं. सर दर दिवाळीनंतर काय सांगायचे, रुमाल कसा सरळ करायचे. पण त्या उठल्या आणि सरांच्या खुर्चीपाशी गेल्या. ती सरांचीच, हे मी सांगितलं नव्हतं. मांडीवरचा रुमाल त्यांनी झटकला, नीट घडी केली आणि खुर्चीवर ठेवला.

"त्याले सांगाचं राह्यलं माहं," म्हणाल्या. "आता त्याची जागा धर."

मग पिशवी घेऊन, एका पायरीवर दोन्ही पाय टेकत त्या जिना उतरू लागल्या. मी खुर्चीपाशी उभी होते. खाली नाव घालायचं यंत्र सुरू होतं, ते थांबलं, आणि जिन्यातून बाईंचा आवाज आला.

"पुढच्या सोमवारी किती वाजता येऊ वं?"